पान तेहेतीस ते अठ्ठेचाळीस

सोमवार, ५ फेब्रुवारी

तीन आठवड्यांनी कॉलेजच्या ग्रंथालयातल्या पुस्तकबांधणीच्या खोलीचं कुलूप काढलं आणि आधी सगळ्यांची तब्येत विचारली. एकेकाची, वयाप्रमाणे.

कापणीबाई, कशा आहात? हे कागद कापायचं यंत्र माझ्याहून वयानं मोठं. चाक फिरवल्यावर गुडघा कुरकुरला, म्हणजे नेहमीसारखंच. दाबोबा, तुमचं काय? दाबोबा पुस्तकं दाबून धरतात, त्यांना जन्मात कधी सर्दीसुद्धा झालेली नाही. तारशिलाईताई मात्र रुसल्या होत्या. पायडल मारलं तर दोन टाके सरळ आणि तिसरा वाकडा. तेल घातलं, गोडीगुलाबीनं बोलले, आल्या ताळ्यावर. खळीचं पातेलं बरं आहे, दोरा बरा आहे. खिडकीखालचं स्टूल तीन पायांवर उभं असतं, चौथा पाय शोभेचा, तेही मजेत.

मीही बरी आहे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, नवा चष्मा अजून यायचाय, पण दिसतं म्हणजे किती दिसतं! इतकी वर्षं मी कागदवाल्याशी भांडत होते की मेल्या, पिवळट माल देतोस. पिवळट माझा डोळा होता. त्याची माफी मागायला हवी, पण तो आता कागद सोडून मोबाइलची कव्हरं विकतो.

दारावर नोटीस होती, ती जाताना दिसली. "सदर खोली वापरात नसल्याने १ मार्चपासून ध्वनिमुद्रण कक्ष म्हणून वापरण्यात येईल." विद्यार्थी तिथे बसून बोलणार आणि ते लोक कानात घालून ऐकणार. ग्रंथपालसाहेब खाली आले, माझ्याकडे न बघता दाबोबांना म्हणाले, "मावशी, मासिकं सगळी ऑनलाइन झाली हो. बांधायला येतं काय आता? कॉलेजचा वार्षिक अंकसुद्धा सलग दुसऱ्या वर्षी फक्त वेबसाइटवरच."

"आणि मी?"

"तुम्हाला वर दाराशी बसवू. मुलांच्या पिशव्या सांभाळायच्या."

एकतीस वर्षं या जिन्याखाली आहे मी. पिशव्यांना पान नसतं, पाठ नसते. काय बोलू त्यांच्याशी?

घरी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "रडून घ्या जरा, डोळा धुतला जाईल." मग स्वतःच तोंड फिरवून कणीक मळायला लागली, किती वेळ मळत होती. ही वही मी कागदाच्या उरलेल्या कातरणांची शिवलेली, सगळी पानं कमीजास्त रुंदीची. तीच म्हणाली, लिहीत जा, मन हलकं होतं. लिहिलं. अजून झालं नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी

आज खोलीत भांडण आलं. चालत आलं, दोन तोंडांनी.

एक मुलगी, वार्षिक अंकाची संपादक. बारीक आणि टोकदार, तिला मी टाचणी म्हणते. दुसरा तिचा मांडणी करणारा, संगणकावर पानं लावतो. जे दिसेल ते पुसायची त्याला सवय. टाचणीचा मथळा पुसला, तिच्या लेखाखालची नक्षी पुसली. तो खोडरबर. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. बिचारी मुलगी.

"मावशी, आम्हाला कागदावर अंक काढायचाय," टाचणी म्हणाली. "गेल्या वर्षी माझा लेख वेबसाइटवर टाकला. अकरा वेळा उघडला गेला. त्यातल्या नऊ वेळा माझ्या आईनं."

"आणि दोन वेळा?" मी विचारलं.

खोडरबर खिडकीबाहेर बघायला लागला.

त्यांच्याबरोबर अजून एक मुलगी होती, तोंडाला खळ नाही म्हणून तिचं नाव धबधबा. ती म्हणाली, "मावशी, एवढी पुस्तकं बांधलीत, वाचलीत किती?"

मी म्हटलं, "शेकड्यांनी. पान तेहेतीस ते अठ्ठेचाळीस."

हसले तिघं. मग मी समजावून सांगितलं. पुस्तक काही पानापानानं छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याच्या घड्या घातल्या की झाला एक फर्मा. पहिल्या फर्म्यात पान एक ते सोळा, दुसऱ्यात बत्तीसपर्यंत, तिसऱ्यात तेहेतीस ते अठ्ठेचाळीस. चौदाव्या वर्षी मी छापखान्यात घड्या घालायला बसले तेव्हा लांब टेबलाशी आम्ही मुली ओळीनं बसायचो आणि प्रत्येकीचा फर्मा ठरलेला. हाक मारायची तीही तशीच: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. मी तिसरी. शाळा सुटलेली, अक्षरं शिकले ती त्या टेबलावरच, घडी घालता घालता. म्हणून मला कुठल्याच गोष्टीची सुरुवात माहीत नाही आणि शेवटही माहीत नाही. मधलं मात्र विचारा!

"मग पुढचं कळायचं कसं?" टाचणी.

"चहाच्या सुट्टीत. चौथी माझ्या डाव्या हाताला बसायची. ती मला पुढचं सांगायची, मी तिला मागचं. दोघींची मिळून बत्तीस पानं व्हायची."

मग मी त्यांना ती एक गोष्ट सांगितली. एक माणूस कुलूपबंद पेटी घेऊन परक्या गावात उतरतो. एका घड्याळजीच्या माडीवर खोली घेतो. खाली घड्याळांचे ठोके पडले की हा पेटी पलंगाखाली लपवतो. असं तेहेतिसाव्या पानापासून चाललंय. अठ्ठेचाळिसाव्या पानावर दार वाजतं. तो उठतो, घाम पुसतो, कडी काढतो, "आणि समोर". बस. पान संपलं.

"आणि समोर काय?" तिघं एकदम.

"काय माहीत! दुसऱ्या दिवशी चौथी आलीच नाही. तिचं लग्न ठरलं, कुठे लांब दिली. तिनं घातलेल्या घड्या तेव्हाच शिलाईला गेल्या होत्या. पुस्तकाचं नाव असतं पहिल्या फर्म्यावर, ते मी पाहिलं नव्हतं. या ग्रंथालयात माझ्या हाताला लागलेल्या प्रत्येक पुस्तकाचं पान अठ्ठेचाळीस मी उघडून बघितलंय. नाही सापडलं."

धबधबा गप्प बसली. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

टाचणी प्राचार्य मॅडमकडे जाऊन धडकली. मॅडम टेबलावर पेनानं टकटक करत बोलतात, कमी बोलतात. म्हणाल्या, "कागदावरचा अंक हवाय असं तीनशे विद्यार्थ्यांनी सही करून सांगू दे. सोमवारी एकोणिसाला यादी टेबलावर पाहिजे, अंक एकोणतिसाला. वेबसाइटवरही टाकायचाच. आणि अंकाची बांधणी खाली होणार असेल, तर ती खोली वापरात नाही असं मला म्हणता येणार नाही. पण यादी आली नाही, तर एक तारखेला यंत्रं भंगारात."

टाचणीनं हे पळत येऊन सांगितलं. भंगार हा शब्द मी हळू उच्चारायला लावला. कापणीबाई ऐकत होत्या.

आज सह्या: चार. त्यातली एक ग्रंथपालसाहेबांची, ती धरत नाहीत म्हणे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

काय सांगू! खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

धबधब्यानं साऱ्या कॉलेजात ओरडून सांगितलं की मावशीला एकाही गोष्टीचा शेवट माहीत नाही. त्यामुळे मुलं येतात आणि मला शेवट सांगतात. किती वाचतात ही मुलं! उगाच लोक नावं ठेवतात. मी एखाद्या पुस्तकाचं मधलं सांगते आणि ती चुटकीसरशी पुढचं सांगतात, पुस्तकाकडे बघावंसुद्धा लागत नाही त्यांना.

एकच गोंधळ. त्या बेटावर हरवलेल्या डॉक्टरच्या कादंबरीचा शेवट मला आज तिघांनी सांगितला. पहिला म्हणाला डॉक्टर बुडतो. दुसरी म्हणाली बुडत नाही, नावाड्याच्या मुलीशी लग्न करतो. तिसऱ्यानं फोनमध्ये पाहून सांगितलं की डॉक्टर ही मुळात बाई आहे. मी म्हटलं, "अरे, एकाच पुस्तकाचे शेवट तीन कसे?" तिघं एकमेकांकडे बघायला लागले, मग वर पळाले. मघाशी ग्रंथपालसाहेब येऊन सांगून गेले की त्या कादंबरीसाठी वर तीन मुलं भांडताहेत आणि प्रत तर एकच आहे. चौदा वर्षांत ती कुणी नेली नव्हती. साहेब खूश होते की चिडले होते, कळलं नाही.

मग टाचणीच्या डोक्यात आलं: अंकात सगळ्यांनी मिळून ती एकच गोष्ट पुरी करायची. मधे, तिसऱ्या फर्म्यात, माझी पानं, मी आठवून लिहायची. मागेपुढे मुलांनी लिहिलेल्या सुरुवाती आणि शेवट. "समोर" कोण होतं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. लिहील त्याचं नाव छापून येईल.

छापून! तो शब्द ऐकल्यावर रांगच लागली. वेबसाइटवर रोज काही ना काही लिहिणारी ही मुलं, पण कागदावर नाव येणार म्हटल्यावर एक लंबूटांग मुलगा मला विचारतो, "मावशी, मग ते नंतर बदलता येणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही रे बाळा." तर तो म्हणाला, "मग जरा नीट लिहितो."

सह्या: एकशे बारा.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

लिहायला बसले आणि पेनाला घाम फुटला. दुसऱ्यांचं आयुष्यभर शिवलं, स्वतःचं वाक्य शिवता येईना. घड्याळजीच्या माडीला किती पायऱ्या होत्या? मला नऊ आठवतात. सून म्हणाली, "नऊच लिहा. कोण मोजायला जातंय!" पेटीत काय होतं ते मात्र मुद्दाम गाळलं, टाचणी म्हणाली, तेही मुलांनाच ठरवू दे.

दुपारी एक मुलगी आली, तिला फार कमी दिसतं. फोनमध्ये अक्षर बोटाएवढं करून वाचते. तिनं माझी लिहिलेली पानं फोननं टिपली आणि मोठी करून तिथेच वाचली, मध्येच हसली. तिच्या घरात माणसं इतकी की पुस्तक ठेवायला कोनाडा नाही. सगळं ग्रंथालय ती खिशात घेऊन हिंडते. आणि घेतलेली पुस्तकं चौदा दिवसांनी आपोआप परत जातात म्हणे, माझ्यासारखं कुणाला मागे लागावं लागत नाही! इतके दिवस मी त्या फोनला शिव्या दिल्या, त्यातल्या निम्म्या परत घेते. निम्म्या राहू देत.

खोडरबरनं त्याचा शेवट आणून दिला. घडी घालून, टाचणी नाही असं पाहून. सगळ्यांनी दाराबाहेर पोलीस आणले, जुळा भाऊ आणला, एकानं तर वाघ आणला. यानं लिहिलंय: "आणि समोर ती उभी होती, नेहमीसारखी भांडायच्या तयारीत." एवढंच. मला काही ते आवडलं नाही. पेटी, अंधारी माडी, घाम, आणि मध्येच भांडकुदळ बाई कुठून आली? पण मुलाचं मन कशाला मोडा. ठेवलं.

सोमवार, १९ फेब्रुवारी

सह्या: तीनशे चौदा. मॅडमनी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली आणि टकटक थांबवली.

मी खाली येऊन कापणीबाईंच्या चाकाला हात लावला आणि एकटीच मोठ्यानं हसले. ध्वनिमुद्रण कक्ष असता तर साठवून ठेवलं असतं.

सोमवार, २६ फेब्रुवारी

मागच्या गल्लीतल्या छापखान्यातून छापील कागद आले. पाच फर्मे, ऐंशी पानं, तीनशे वीस प्रती. मुलांना घड्या घालायला बसवलं. पहिल्या तासात त्यांच्या घडीचं टोक आग्नेयेला नाही तर नैऋत्येला. दुसऱ्या तासात बरी जमली. चौथ्यात तर धबधबा न बोलता घड्या घालत होती, मी जाऊन कपाळाला हात लावून पाहिला.

प्रत्येक जण आपल्या पुढ्यातला फर्मा वाचत होता. "ए, तुझ्यात काय आलंय?" "तुला नाही सांगणार, आधी तुझं सांग." माझे कान तृप्त झाले. फक्त चौथी नव्हती.

खोडरबर आणि टाचणी यांना मी मुद्दाम टेबलाच्या दोन टोकांना बसवलं, उगाच कटकट नको. तरी तो दर दहा मिनिटांनी उठून तिच्या टोकाला खळ मागायला जातो. खळ घडीला लागतच नाही.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

आज जुळणी. पाच फर्म्यांचे पाच ढीग टेबलाभोवती मांडायचे आणि टेबलाला फेऱ्या घालायच्या. प्रत्येक ढिगातला एक उचलत गेलं की फेरी पुरी होताना हातात एक अंक. डावीकडून उजवीकडे, कायम. बारा मुलं रांगेनं फिरायला लागली, कुणीतरी फोनवर गाणं लावलं, पाय तालात पडायला लागले, खोली जत्रेतल्या पाळण्यासारखी फिरत होती. मीही दोन फेऱ्या मारल्या आणि दाबोबांना धरून उभी राहिले.

मग मी एक गोष्ट केली ती लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी पहिला फर्मा घेतला, स्टुलावर बसले आणि वाचत राहिले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पान एक! गोष्ट सुरू होताना अशी असते होय? कुणीच कुणाला ओळखत नसतं! अर्धा तास मान वर केली नाही.

मान वर केली तेव्हा खोडरबर उलटा फिरत होता. "अरे, हे काय?" तर म्हणाला, "मावशी, चक्कर येत होती, म्हणून दिशा बदलली." त्याच्यामागे अजून पाच जण उलटे. म्हणजे सहा सरळ आणि सहा उलटे. प्रत्येक फेरीत तो आणि टाचणी दोनदा समोरासमोर यायचे. भांडायला सोयीचं पडत असावं. दोघं समोरासमोर आले की रांगच तुंबायची, फर्मे खाली पडायचे आणि हाताला येईल तो उचलून पुढे.

मी ओरडले, सगळ्यांना सरळ केलं. मनात म्हटलं, काळजी नाही, पाठीवरच्या खुणा बघून चुकलेले काढू. त्या खुणा म्हणजे प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापलेला एक काळा ठिपका, दर फर्म्याला थोडा खाली. पाच नीट लागले की ठिपक्यांचा जिना दिसतो. जिना मोडला की फर्मा चुकला. अंधारातसुद्धा कळतं.

पाठी पाहिल्या. पांढऱ्या स्वच्छ. मला वाटलं, माझा डोळाच अजून कच्चा आहे. शिलाई सुरू केली.

बुधवार, २८ फेब्रुवारी

शिलाई, मुखपृष्ठ, कापणी. कापणीबाईंनी तीनशे वीस प्रतींच्या कडा अशा काढल्या की गाल लावून बघावं. एकाही मुलाला आज उघडू दिलं नाही, उद्यापर्यंत दाबोबांच्या खाली.

जाताना सहज म्हटलं, "खोडरबर, पाठीवरचे ठिपके यंदा फार फिके छापले रे."

तो म्हणाला, "ते काळे डाग ना, मावशी? प्रत्येक फर्म्यावर होते, कुणीतरी घाण केली होती. मी सगळे पुसून टाकले."

आता तीनशे वीस प्रती उसवायला वेळ कुठून आणू?

गुरुवार, २९ फेब्रुवारी

चार वर्षांतून एकदा येणारा दिवस, माझ्याच वाट्याला यायचा होता.

मैदानावर समारंभ. मी गेलेच नाही, खोलीत बसून राहिले, आतून कडी लावून. खिडकीतून ऐकू येत होतं. मॅडमनी पहिली प्रत उघडली, आपलं मनोगत वाचायला. त्यांच्या अंकात पहिल्या पानाच्या जागी पान पासष्ट होतं. त्यांनी माइकवर वाचलं: "आणि वाघ पेटीवर बसून म्हणाला, आता झोपू दे."

कुणीतरी खुसकन हसलं. मग तीनशे जणांनी आपापला अंक उघडला आणि जो गलका उठला! "माझा शेवट आधी आलाय!" "माझ्यात दुसरा फर्माच नाही!" "ए, कुणाकडे तिसरा नाही? माझ्यात दोन तिसरे आहेत, एक देतो!" "माझ्या गोष्टीचा शेवट कुणाकडे आहे रे?"

मी डोळे मिटले. एकतीस वर्षांत एक फर्मा उलटा लागला नव्हता माझा. आणि घालवलं ते नाव कशापायी? एका पान एकपायी. पिशव्याच बऱ्या होत्या.

थोड्या वेळानं डोळे उघडले, कारण आरडाओरडा थांबला होता. हळूच पाहिलं. मैदानावर सगळे खाली बसलेले, दोघंदोघं, चौघंचौघं, माना खाली. एक जण वाचतोय, बाकीचे ऐकताहेत, मग दुसरा आपल्या प्रतीतून पुढचं वाचतोय. ज्याच्याकडे शेवट, त्याच्याभोवती घोळका. कमी दिसणारी ती मुलगी मधे बसली होती, तिला चार जण चार बाजूंनी वाचून दाखवत होते. ती म्हणत होती, "एकेक करून, अरे, एकेक करून!"

मॅडम प्रत उलटीपालटी करत हिंडत होत्या. "माझं मनोगत कुणाकडे आहे?"

त्या लंबूटांगानं हात वर केला. "मॅडम, माझ्यात पहिला फर्मा दोनदा आलाय. मी तुमचं मनोगत दोन्ही वेळा वाचलं."

"दोन्ही वेळा?" मॅडमनी विचारलं. "सगळं?"

"हो मॅडम. तुम्ही लहानपणी भूगोलात नापास झाला होता ते खरंय का?"

मॅडम गवतावर बसल्या. साडीचा विचार न करता बसल्या.

शुक्रवार, १ मार्च

सकाळी ध्वनिमुद्रणाचे दोन कारागीर भिंतींना लावायचे मऊ तक्ते घेऊन आले, हातात ती जुनी नोटीस. त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं! मोजमाप घ्यायचं होतं, पण दारातून आत येता येईना. पन्नाससाठ मुलं आपापले अंक घेऊन आलेली: मावशी, माझा उलगडून नीट लावून द्या, मावशी, माझा नका नीट लावू, असाच ठेवा, फक्त दुसरा फर्मा द्या. टाचणी यादी करतेय, खोडरबर पेनानं प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर काळा ठिपका काढतोय. सहाशे ठिपके ही शिक्षा मी दिलीय त्याला. टाचणी त्याच्या शेजारी बसून ठिपके चुकतात का बघते. बघा, अजून विश्वास नाही तिचा.

कारागिरांनी मॅडमना फोन लावला. मॅडम आल्या, दारात उभ्या राहिल्या, आत शिरायला त्यांनाही जमेना. पेन काढलं. दारावरच्या नोटिशीत "वापरात नसल्याने" या शब्दांवर एक रेघ मारली आणि खाली सही केली.

"तुमचं ते व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत लावा," त्या कारागिरांना म्हणाल्या. "ही भरलेली आहे."

मी कापणीबाईंकडे पाहिलं. गुडघा कुरकुरला. आनंदानं, मला ऐकू येतं.

बुधवार, ६ मार्च

अंक वेबसाइटवरही चढला, पानं एक ते ऐंशी, सरळ. खोडरबरनं फोनवर दाखवला. वास नाही, कड नाही, पण माझी सोळा पानं त्यात होती, नऊ पायऱ्यांसकट. मी म्हटलं, "कोण बघणार हे?" तो म्हणाला, "मावशी, आज सकाळपर्यंत दोन हजार." मी विचारलं, "त्यात तुझी आई किती वेळा?"

टाचणी एवढी हसली की त्याच्या खांद्याला धरावं लागलं तिला. पडली असती.

सोमवार, ११ मार्च

आज घाईघाईनं लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

टाचणी पळत आली. अंकाच्या पत्त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, कुठल्यातरी लांबच्या कॉलेजातली एक मुलगी. तिनं तो अंक आपल्या आजीला वाचून दाखवला. आजी पान अठ्ठेचाळीसला ताडकन उठून बसली आणि म्हणाली, लिही. टाचणीनं मला फोनवरचं वाचून दाखवलं. मी ते जसंच्या तसं इथे उतरवते:

"तिसरे, तू जिवंत आहेस होय? पान एकोणपन्नास माझ्याकडे आहे. पहिला शब्द सांगू? नाही सांगत. पन्नास वर्षं मीही झुरतेय, आधी तू माझं सांग. पेटीत होतं काय? आणि तिला बघून तो एवढा का रडला? चौथी."

तिला! म्हणजे दारात बाई होती! खोडरबरचं खरं निघालं, आणि मी त्याला मनातल्या मनात किती नावं ठेवली. हे कळल्यावर तो कानापर्यंत लाल झाला. टाचणी त्याच्याकडे बघून म्हणाली, "भांडायच्या तयारीत होती का रे?" आणि दोघं काहीतरी काम आहे म्हणून निघून गेले. कसलं काम, अंक तर झाला.

उत्तर फोनवर बोलून पाठवू या का, असं धबधब्यानं विचारलं. मी म्हटलं, नको, कागदावर. मग त्याचा फोटो काढा, पाठवा, काय हवं ते करा. वहीतलं सगळ्यात रुंद पान निवडलं. हा त्याचा कच्चा मजकूर:

प्रिय चौथे,

गुडघे कसे आहेत? तुझे नेहमी उजवीकडून दुखायचे. डोळे? माझा एक नवा आहे. माझ्यासारखंच नीट ऐकू येतं ना तुला? मला हाक मारलीस ना, ती ऐकू आली. नातीला माझा आशीर्वाद सांग, वाचायचा आवाज चांगला असणार तिचा. पहिली आणि दुसरी कुठे आहेत, ठाऊक आहे का? त्यांच्याकडे बत्तीस पानं आहेत.

आता ऐक. पेटी तेहेतिसाव्या पानावर येते, चौतिसाव्यावर तो ती पहिल्यांदा उघडतो. आत पत्रं होती. सगळी त्यानंच लिहिलेली, एकही टपालात टाकलेलं नव्हतं. तो का रडला ते आता तूच समजून घे, माझ्या पानांत तो फक्त घाबरतो. बाकी सोळाच्या सोळा पानं तू नातीकडून ऐकलीसच.

तो कडी काढून उभा आहे. पन्नास वर्षं झाली, हात दुखला असेल त्याचा. म्हणून फार वाट बघायला लावू नकोस. पान एकोणपन्नासपासून सुरू कर आणि लवकर लिही.

तुझी,
तिसरी